मुंजाबाची एक्केचाळीस पाकिटं

मुंजाबा एकाच ठरावाला अठरा वेळा हात वर करायचा. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस अर्धवट तरी असावा, नाही तर नव्या सचिवाची चेष्टा तरी चालली असावी.

नवा सचिव म्हणजे मी. गावच्या सेवा सोसायटीत नुकताच रुजू झालो होतो. केजहून एसटीनं तासभर लागायचा. गावाचे दोन तुकडे. खालचं गाव सडकेला लागून. शाळा, मारुतीचं देऊळ, सोसायटीची खोली, सगळं तिथंच. वरची वस्ती पाच किलोमीटर वर, माळावर. थंडीच्या दिवसांत देवळात खास सभा भरली होती आणि खताचं गोदाम कुठं बांधायचं हा विषय होता. चेअरमन म्हणाले, "मंजूर आसंल त्यांनी हात वर करा." हात मोजायचं काम माझं. मी बोट नाचवत मोजायला लागलो, तर कोपऱ्यात पाण्याच्या घागरीशेजारी बसलेला आमचा शिपाई हात वर करी, खाली घेई, पुन्हा वर करी, आणि दर वेळी एक नाव घेई. "ह्यो किसनाचा. ह्यो दगडूचा. ह्यो सुंदराबाईचा."

"मुंजाबा, एका माणसाचा हात एकदाच," मी म्हणालो.

"माजा आजून झालाच न्हाई सायब," तो म्हणाला. "ही तोडीला गेल्याली मानसं हायेत. माजा मागून येतो." मग त्यानं विरोधातले चार हात वर केले, त्यांचीही नावं घेतली, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा हात वर केला. तो विरोधात होता. म्हणजे या गड्यानं स्वतःला नको असलेल्या ठरावाला तेरा वेळा पाठिंबा दिला होता, आणि तोही अगदी ताठ हातानं.

चेअरमन हसले. "लिहा ओ सचिव, जुनी पद्धत हाय." मी 'बहुमताने मंजूर' असं लिहून टाकलं. कारकुनाला या दोन शब्दांचा फार आधार असतो. आकडा लिहावा लागत नाही.

पुढं हळूहळू कळलं. वरच्या वस्तीतली बहुतेक घरं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जात, ती गुढीपाडव्यालाच परत येत. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मागे म्हातारी माणसं आणि दावणीची जनावरं. मुंजाबाही वीस वर्षं कोयत्यावर होता. उसानं भरलेल्या गाडीचं चाक डाव्या पायावरून गेलं, पाऊल घोट्यापासून आत वळलं, आणि मुकादमानं त्याला घरी पाठवलं. मग सोसायटीनं शिपाई म्हणून ठेवून घेतलं. तेव्हापासून तोडीला जाणारी माणसं जाण्याआधी त्याच्याकडं येत आणि येत्या हंगामात सोसायटीत काय काय निघेल, त्यावर आपलं म्हणणं सांगून जात. तो लिहून ठेवत नसे. सहीपुरतंच लिहिता यायचं त्याला. हातपंपापासून सुरुवात करून एकेक घर मनात चालत जायचा, म्हणे, आणि ज्या दारात जे सांगितलं ते त्या दारात तसंच उभं असायचं.

"आणि कुणाचं विसरलं तर?" मी एकदा विचारलं.

"कसं इसरंल? अमानत हाय ती. दुसऱ्याची शेळी आपल्या दाव्याला आसली की तिला आदी पानी पाजावं लागतंय."

मुंजाबा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा होता. तरी सारं खालचं गाव त्याला एकेरीत बोलवायचं, आणि मीही पहिल्या आठवड्यात 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. शिपाई म्हटलं की जीभ आपोआप तशी वळते. आज हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा त्यात काही वाटलं नाही हे खरं आहे.

मग तो दुष्काळ आला. पोळ्याला बैल धुवायला पाणी नव्हतं. ओल्या फडक्यानं पुसले. विहिरी तळाला गेल्या, माळावर गवताची काडी उरली नाही. त्यातच सोसायटीची निवडणूक लागली. दोन पॅनल उभी राहिली. चेअरमनच्या पॅनलला चिन्ह मिळालं छत्री, दुसऱ्याला कपबशी. पाऊस नसलेल्या साली छत्री घेऊन हिंडणारी माणसं पाहून हसू यायचं, पण हसण्यासारखं काही नव्हतं. जनावरांची चारा छावणी सोसायटीच चालवणार होती आणि ती कुठं काढायची हे नवं मंडळ ठरवणार होतं. छत्रीवाले म्हणत सडकेला काढू, चाऱ्याचे ट्रक थेट येतील. कपबशीवाले म्हणत वरच्या वस्तीत काढू, तिथं कर्ती माणसं नाहीत, म्हातारे जनावरं घेऊन पाच किलोमीटर कुठं उतरतील? दोघांचंही म्हणणं मला बरोबर वाटायचं. ज्याच्याशी बोलू त्याच्यासारखं वाटायचं.

मतदान दसऱ्याच्या आधी होतं, म्हणजे तोडीवाले गावात असताना. चिन्हं वाटून झाली, यादी लागली, आणि आठ दिवस उरले असताना वरून पत्र आलं, निवडणूक पुढं ढकलली. नवी तारीख आली ती ऐन थंडीतली. ते पत्र मीच केजहून आणलं आणि फळ्यावर लावलं. मुंजाबानं ते मला वाचायला लावलं, एकदा नाही, दोनदा.

"म्हंजी आमची वस्ती रिकामी झाल्यावर," तो म्हणाला.

"तारीख आपण ठरवत नाही, मुंजाबा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कामासाठी एसटीनं केजला निघालो होतो. आता जे सांगतो त्यात मी स्वतःला फार सोडवून घेत असेन तर ते वाचणाऱ्यानं ओळखावं. मला गाडीत झोप येत होती आणि मुंजाबा प्रश्न विचारत होता. जाणाऱ्याचं मत आधी घेता येतं का? मी म्हणालो, मोठ्या निवडणुकीत घेतात की. आमची ही शाळेत शिकवते, तिला मतदानाच्या दिवशी दुसऱ्या गावाला ड्युटी लागते, म्हणून तिचं मत आधीच पाकिटातून घेतात.

"कसं घेत्यात?"

"चिठ्ठीवर खूण करायची, पाकिटात घालायची, चिकटवायचं, द्यायचं."

"म्हंजी डिवटीवर जानाऱ्याचं आदी घेत्यात."

"हो."

 तो म्हणाला, "ऊसतोड बी डिवटीच हाय की सायब. आन आपल्या सोसायटीला चालतं का तसं?"

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. सहकाराच्या निवडणुकीचे नियम मी कधी उघडून बघितले नव्हते. पण सचिवानं शिपायाला 'माहीत नाही' कसं म्हणावं? गाडी स्टँडात शिरत होती, लोक उठले होते, मी पिशवी शोधत होतो. "चालतं की," मी म्हणालो, "न चालायला काय झालं?" आणि उतरलो.

यानंतर दोन-तीन महिने मी हे बोलणं पार विसरलो होतो.

मुंजाबानं केजच्या एका छापखान्यातून लग्नपत्रिकेची उरलेली पाकिटं आणली. प्रत्येकावर कोपऱ्यात लाल गणपती. त्याची बायको गयाबाई चौथी शिकलेली; तिनं सोसायटीच्या जुन्या नोटिसांच्या कोऱ्या पाठीवर छत्री आणि कपबशी काढली. तोडीचे ट्रक यायच्या आठवड्यात मुंजाबा घरोघर गेला. ज्याचं नाव यादीत, त्यालाच चिठ्ठी. नवऱ्याच्या नावावर जमीन असेल तर बायकोनं बोट लावायचं नाही, आणि विधवेच्या नावावर असेल तर दिरानं तिच्या खांद्यावरून डोकवायचं नाही. माणूस एकटा गोठ्यात जायचा, शाईचा अंगठा उठवायचा, चिठ्ठी पाकिटात घालून बाभळीच्या डिंकानं चिकटवायचा. मुंजाबा तोवर गोठ्याकडं पाठ करून उभा. वर गयाबाई नाव लिहायची. असं एक्केचाळीस वेळा झालं.

सुंदराबाईनं पाकीट दिलं, ट्रकात चढली आणि वरून ओरडली, "मुंजाभाऊ, मला बदलायचंय!" ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मुकादम शिव्या घालतोय, आणि मुंजाबा लंगडत घरी जाऊन तिचं पाकीट शोधून आणतोय. "आगं, आता काय बदलतीस," मुकादम ओरडला. मुंजाबानं त्याला सुनावलं, "तिचं मत हाय. तिला धा येळा बदलू दी." तिला नवी चिठ्ठी दिली, ट्रकाच्या फाळक्याआड तिनं अंगठा लावला, जुनं पाकीट तिच्याच हातात दिलं, आणि मग ट्रक हलला. हे मला पुढं गयाबाईनं सांगितलं.

मतदानाच्या दिवशी शाळेत टेबलं लागली. बाहेरून निवडणूक अधिकारी आले होते. सभ्य, चष्मेवाले, सारखे घड्याळाकडं बघणारे गृहस्थ. मी यादी घेऊन शेजारी. सकाळी आठला दार उघडलं आणि पहिला आत आला तो मुंजाबा, डोक्यावर तेलाचा चौकोनी डबा, डब्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. त्यानं तो अधिकाऱ्यांपुढं ठेवला.

"ही वरच्या वस्तीची एक्केचाळीस मतं. आदी घेतल्याली हायेत. मोजून घ्या."

कुणालाच काही कळेना. अधिकाऱ्यांनी डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी यादीत डोकं घातलं. कपबशीचा प्रतिनिधी आधी हसला, मग त्याच्या ध्यानात आलं की वरची वस्ती म्हणजे आपलीच मतं, आणि तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "घ्या! घेतलीच पायजेत!" छत्रीचा प्रतिनिधी ओरडला, "बोगस हाय ह्ये, पोलीस बोलवा!" तेवढ्यात त्याच्या कानात कुणीतरी कुजबुजलं की वस्तीत चेअरमनचे भाऊबंदही आहेत आणि शिपाई तर आपल्याच सोसायटीचा. मग तो म्हणाला, "बघायला काय हरकत हाय?" हे ऐकून कपबशीवाल्याला शंका आली आणि तो म्हणाला, "न्हाई, नकोच." पाच मिनिटांत दोघांनी आपापल्या जागा बदलल्या. एकानं पाकिटावरचा गणपती दाखवून 'हा धार्मिक प्रचार आहे' असाही मुद्दा काढला. मला हसू येत होतं, आणि त्याच क्षणी एसटीतलं ते बोलणं लख्ख आठवलं.

अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "बाबा, हे असं चालतं म्हणून तुम्हाला सांगितलं कुणी?"

मी मान वर केली नाही. मुंजाबा माझ्यापासून तीन हातांवर उभा होता.

"कुनी न्हाई," तो म्हणाला. "माजं मलाच वाटलं."

"ही मतं धरता येत नाहीत. माणूस समोर यायला लागतो. उचला हा डबा. मी लेखी काही करत नाही, नाही तर तुमच्यावर केस होईल."

"मग ह्येंच्या नावापुढं काय लिवनार?"

"गैरहजर."

"गैरहजर कशी? सांगून गेल्यात की सायब," मुंजाबा म्हणाला. रागानं नाही. त्याला खरंच समजत नव्हतं. त्यानं डबा उचलला, व्हरांड्यात ठेवला, आणि दिवसभर मतदारांना पाणी देत राहिला. संध्याकाळी यादी बंद करताना मी पाहिलं, त्याच्या स्वतःच्या नावापुढं खूण नव्हती. दिवसभर मतपेटीपासून दहा पावलांवर असून त्यानं मत दिलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "यवढी मानसं भाईर ठिवून म्या एकटा आत कुटं जाऊ?"

छत्रीवाले अकरा मतांनी आले. अकरा आणि एक्केचाळीस या दोन आकड्यांनी पुढं कित्येक महिने माझं डोकं खाल्लं.

नव्या मंडळाच्या पहिल्याच बैठकीत 'कामात कसूर व संस्थेची बदनामी' म्हणून मुंजाबाला काढायचा ठराव झाला. मी तो लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. सोसायटीत कुणालाही नोटीस द्यायची तर ती शिपाई नेऊन देई आणि नोंदवहीत सही आणी. मुंजाबाला काढल्याची नोटीस मुंजाबापर्यंत कशी पोचवायची हे मला कळेना. शेवटी नेहमीप्रमाणे त्याच्याच हातात वही दिली. त्यानं मला ती वाचायला लावली, ऐकून घेतली, सही केली, वही मिटून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "पोचली." मग घागर भरून ठेवली आणि गेला.

मी तेव्हा बोलू शकलो असतो. 'त्याला मीच सांगितलं होतं' एवढं एक वाक्य. रोज सकाळी ठरवायचो, आज बोलू. पण मनात एक पळवाट तयार झाली होती: मुंजाबाला कदाचित ते आठवतच नसेल. त्याला कदाचित खरंच वाटत असेल की ही त्याचीच कल्पना. सतरा जणांचं म्हणणं जसंच्या तसं ध्यानात ठेवणारा माणूस माझं एक वाक्य विसरला असेल, असं मी स्वतःला पटवत होतो. आणि गंमत अशी की कधी कधी ते पटायचंही.

छावणी सडकेला निघाली. माजलगावच्या बाजूनं उसाचे ट्रक यायचे. माणसं ऊस तोडायला परमुलखात गेलेली आणि इथं त्यांच्या गाईंपुढं ऊसच पडत होता. पण तो पाच किलोमीटर खाली. जनावराबरोबर घरचं माणूस राहायला पाहिजे असा नियम होता, म्हणून वस्तीतले म्हातारे-म्हाताऱ्या उतरून कापडाच्या आडोशाला राहायला आले. ज्यांना चालवत नव्हतं अशा नऊ घरांची जनावरं मुंजाबानं आणली आणि त्या वाकड्या पायानं पाडव्यापर्यंत छावणीत राहिला. मी रोज हजेरी घ्यायला जाई. तो नावं सांगे, "ह्यी किसनाची तांबडी, ह्यी दगडूची म्हैस." माझ्याशी वागण्यात तसूभर फरक नाही. मला तो फरक हवा होता. चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

त्याच दिवसांत कपबशीवाले त्याच्याकडं आले. म्हणाले, पाकिटं उघड, मोजू, वर तक्रार करू, तुझी नोकरीही परत मिळंल. मुंजाबा म्हणाला, "माजी न्हाईत ती." मीही एकदा आडून म्हणून बघितलं, "मुंजाबा, तक्रार नको, पण आपल्यापुरतं उघडून बघू. कळेल तरी."

"कळून काय करनार सायब? त्येंनी माज्यापाशी ठिवलं. मला सांगितलं न्हाई."

पाडव्याला तोडीवाले परतले. मुंजाबा डबा घेऊन हातपंपापासून निघाला आणि एकेका दारात जाऊन पाकीट परत देत सुटला. मी लांबून, सुटीच्या दिवशीही काही काम असल्यासारखा, मागं मागं चालत होतो. "तुमचं मत परत घ्या. पोचलं न्हाई. माजी चूक झाली," एवढंच तो म्हणे. न पोचलेल्या मताचं काय करायचं असतं हे कुणाला माहीत? किसन बराच वेळ पाकीट उलटंपालटं करत राहिला आणि मग खिशात घालून मोकळा झाला. दगडू चिडला, "तुज्यापायी छावनी खाली गेली बे! माजी आई तीन म्हैने उन्हात पडली!" मुंजाबानं ते ऐकून घेतलं. एका म्हातारीनं लेकाचं पाकीट गणपती आहे म्हणून देव्हाऱ्यात ठेवलं. सुंदराबाई म्हणाली, "ह्ये पयलं का दुसरं?" "दुसरं," मुंजाबा म्हणाला, "पयलं तवाच तुमच्या हातात दिलतं." ती म्हणाली, "मग मला आता पयलंच बरं वाटायलंय." आणि दोघंही हसले. एकाही माणसानं पाकीट त्याच्यापुढं फोडलं नाही, त्यानंही थांबून बघितलं नाही. त्या एक्केचाळीस पाकिटांत काय होतं ते मला आजवर कळलेलं नाही.

पुढं मी बदलून माजलगावकडं गेलो, तिथूनच निवृत्त झालो आणि केजला घर बांधलं. मुंजाबा अधूनमधून बाजारात भेटायचा. शेळ्या पाळल्या होत्या. माझ्या लेकीच्या लग्नाला आला, पंगतीत वाढायला उभा राहिला. दर भेटीत ते वाक्य माझ्या ओठांवर यायचं आणि मी 'पायाचं कसं काय' असं विचारायचो.

मागच्या मोठ्या निवडणुकीच्या वेळी गयाबाईचा फोन आला. "भाऊ, सरकारी मानसं ह्येंचं मत घ्याला घरी यायलेत. ह्येंच्या पायाचं सर्टिफिकेट हाय ना. कागदाचं तुमाला कळतंय, तुमी या म्हनतेत." मी गेलो. कार्तिक लागला होता आणि वस्तीत शुकशुकाट. हातपंपापासून मुंजाबाच्या दारापर्यंत एकामागं एक कुलुपं. मुंजाबा बाजेवर होता; श्वास लागत होता, पाय सुजलेला.

जीप आली. चार अधिकारी, एक पोलीस, एक चित्रीकरणवाला. त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, कागद दाखवला, सगळं नीट समजावून सांगितलं. मला बाहेर काढलं, कारण मत गुप्त असतं. मी गोठ्यापाशी घराकडं पाठ करून उभा राहिलो. आतून मुंजाबाचा आवाज येत होता. "ह्ये पोचंल ना नक्की?"

"पोचेल बाबा."

"आन शेजारच्यांची?"

"त्यांना मतदानाच्या दिवशी केंद्रावर यावं लागेल."

"त्ये कोल्हापूरकडं हायेत."

"मग तिथून यावं लागेल. घरी येऊन मत घ्यायचं ते फक्त तुमच्यासारख्यांचं आणि म्हाताऱ्यांचं."

जीप गेली. एका माणसाच्या मतासाठी ती चाळीस कुलुपांवरून आली होती आणि तशीच परत गेली. त्यानंतर सातव्या दिवशी मुंजाबा गेला. मतदानाला अजून दोन दिवस होते. तेव्हा त्याचं ते पाकीट पुढं मोजलं की बाजूला ठेवलं, हे मी दोन-तीन जणांना विचारलं. एकानं सांगितलं मोजतात, एकानं सांगितलं काही नेम नाही.

पण जीप आली त्या दिवशी तो बाजेवर उशीला टेकून बसला होता आणि मी समोर जमिनीवर. गयाबाईनं चहा दिला. ती शेळ्यांकडं गेल्यावर तो म्हणाला, "सायब, एक इचारू का? मास्तर लोकांचं आदी घेत्यात. म्हाताऱ्याचं घेत्यात. आता माज्या लंगड्या पायाचं बी घेतलं, जीप करून घेतलं. मग तोडीवाल्यांचं कावून घेत न्हाईत?"

सहकारात उभं आयुष्य गेलेला मी. उत्तरं पुष्कळ तयार होती; नियम, यंत्रणा, अडचणी. चेहराही सवयीनं सचिवाचा झाला होता. 

"मला माहीत नाही, मुंजाबा," मी म्हणालो.

त्यानं चहाची बशी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं, पूर्वी हजेरीच्या वेळी बघायचा तसंच, अगदी मायेनं.

"तवा गाडीत बी आसंच म्हनायचं व्हतं, सायब."